वास काढलेलं मटण

माझ्या सासूच्या हातून गेलेलं कुठलंही जनावर शेवटी कोंबडीच होतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. शाळा सांभाळून, स्कूटरच्या डिकीत बर्फाची पिशवी कोंबून मी निम्मा सिंधुदुर्ग पालथा घातला तो घरातल्या एका माणसाला उग्र वासाचं मटण खाऊ घालण्यासाठी, आणि घरातल्याच दुसऱ्या माणसानं त्या प्रत्येक मटणाचा वास धुऊन काढला. पहिला माणूस माझे सासरे जासिंत, म्हणजे आमचे पप्पा. दुसरी माझी सासू लिलियन, आमची माय. नवरा सॅम्युएल बोटीवर. म्हणजे मधे सापडायला मी एकटीच.

नाताळाच्या आधी पप्पांना ताप आला. ताप गेला, पण त्याच्याबरोबर जेवणही गेलं. एरवी हा माणूस जेवणाचा एवढा दर्दी की बाजारातून येताना फाटकात थांबायचा, डोळे मिटून श्वास घ्यायचा आणि तिथूनच ओरडायचा, "लिलियन, आज तिसऱ्ये! आनि वाटप जरा जास्त भाजलंस!" कधी चुकले नाहीत. मासळीबाजारात लोक सुरमई त्यांच्या नाकाखाली धरायचे आणि मग घ्यायची की नाही ते ठरवायचे. तोच माणूस आता खाटेवर पडून दोन घास खायचा, ताट सरकवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत असे दिसायला लागले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. ते ऐकून माय देवघरातल्या सायबिणीपुढं, म्हणजे आमच्या मारियामातेपुढं, मेणबत्ती लावून बसली, आणि मी कामाला लागले.

मी शिक्षिका. मला पहिली शंका तीच आली, जी आता कुणालाही येईल. पप्पांची चव तर गेली नाही ना? मी चिमूटभर मीठ दिलं. "खारट." कोकमाच्या आगळाचा थेंब दिला. "आंबट." हिरव्या मिरचीचा तुकडा दिला तर शिवीच हासडली. वर म्हणाले, "जिभेक सगळा कळता माका. शाळेतलो पोर समजू नको." मी शंका सोडून दिली. चव आहे, पोट साफ आहे, रक्ताचे रिपोर्ट बरे आहेत. मग उरलं काय? नखरे. म्हातारपणाचे शुद्ध नखरे.

एक बदल झाला होता. आताशा ते रोज विचारायचे, "आज काय केलंस गो?" पूर्वी त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, खाटेवर पडून कंटाळा येत असेल.

मग एक दिवस मागणी आली. "माका वासाचा मटाण व्हया. रानातलो डुकर तसो. नाकात शिरणारा."

आता याला पार्श्वभूमी आहे. लग्नाआधीपासून पप्पांकडे शेतराखणीची परवान्याची बंदूक होती. रात्र रात्र रानात बसून डुक्कर मारायचे आणि वाडीत वाटे घालायचे. माय बांद्याच्या बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन आली ती नाकाला पदर लावूनच. शिकारीवरून आलं की आधी विहिरीवर अंघोळ आणि शर्ट बाहेर दोरीवर, तो घरात आणायचा नाही, असा तिनं कायदा केला. पुढं सॅम्युएल झाला आणि पप्पांनी बंदूक जमा करून टाकली. त्यानंतर घरात जे शिजलं ते मायच्या पद्धतीनं. आता रानडुक्कर आणायचं म्हणजे जंगलखात्याच्या जीपमध्ये बसून यायचं. ते मी पप्पांना पहिल्याच दिवशी सुनावलं. म्हटलं, कायद्यात बसेल ते मागा.

बांद्याहून मी बदक आणलं. विकणारा म्हणाला, याला कोंबडीपेक्षा दांडगा वास असतो. मी खुश. शाळेतून परत येऊन बघते तर मायनं बदकाला मीठ-हळद चोळून, माडीच्या व्हिनेगरमध्ये बुडवून, लिंबाच्या पाल्यानं घासून, पहिल्या उकळीचं पाणी माडाच्या मुळाशी ओतून टाकलं होतं. वर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप एवढं, की त्यात हत्ती जरी शिजवला असता तरी कळलं नसतं.

पप्पांनी एक तुकडा चघळला. "ही कोंबडी."

"बदक आसा, पप्पा."

"कोंबडी," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

फोंडाघाटाहून टर्की आली. "कोंबडी." तळेऱ्याजवळ एकजण ससे पाळतो, त्याच्याकडून ससा आणला. तो मी फ्रीजमध्ये ठेवला आणि मायला हात जोडून सांगितलं, "माय, ह्या धुवू नकात. वास रवांदे. त्येंका वासच व्हयो आसा." ती हो म्हणाली. संध्याकाळी ससा व्हिनेगरमध्ये पोहत होता.

मी ओरडले. सासूवर ओरडू नये, पण ओरडले.

"वास ठेवन वाढू?" माय माझ्याहून मोठ्यानं म्हणाली. "रश्श्याक वास इलो तर लोक काय म्हणतीत? लिलियनीन मटाण धुवक नाय म्हणतीत! मी काय आळशी बाई?"

हे तिचं खरं होतं. तिच्या लेखी रश्शाला वास येणं म्हणजे घर केरानं भरलेलं असणं. चर्चच्या सणाला शंभर माणसांचं मटण तिच्या हाती देतात ते याच कारणासाठी. वास मारण्यातच तिचं सगळं नाव. आणि आता नवरा मरणाच्या दारात बसून मागतोय काय, तर वास.

सॅम्युएल बोटीवरून व्हिडिओ कॉल करायचा. मागं निळा समुद्र, याच्या तोंडात बर्गर. "जॉयस, इमू मिळता काय बघ ना." इमू! मी म्हटलं, तू ये आणि इमूच्या मागं धाव. नेटवर्क गेल्याचं सोंग करून त्यानं फोन ठेवला.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात प्रत्येकजण मला सल्ला द्यायचा. ज्याला त्याला एकाएकी उग्र मटणाचं भारी वेड. माझं यावर मत पक्कं झालंय. उग्र वास आवडतो असं सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांना वास आवडत नाही, सांगायला आवडतं. इथं येणारे पर्यटकही तसलेच. 'काहीतरी वेगळं, रानातलं' मागतात, समोर आलं की चार लिंबं पिळतात आणि मग सुरमई थाळी मागवतात. मला स्वतःला तो वास अजिबात सोसत नाही. हेही सांगून टाकते.

शेवटी धोंडूकाका धावून आला. आमच्या शेजारचा. त्याच्याकडे एक म्हातारा बोकड होता, सगळ्या गावच्या शेळ्यांसाठी ठेवलेला. त्याची दाढी, त्याचे पाय, त्याचा सगळा अवतार वाऱ्यावरून कळायचा. एस.टी.ची वाट बघणारी माणसं त्याला बघून थांबा बदलायची. आता नवा बोकड आला म्हणून धोंडूकाका याला काढणार होता.

"ह्येच्या वासान वाघ माघारी फिरात," तो अभिमानानं म्हणाला. "लिलियनबायन व्हिनेगरची विहीर ओतली तरी जावचो नाय!"

वेळही थोडाच होता. बुधवारी राखेचा बुधवार, तिथून पार ईस्टरपर्यंत आमचा उपासकाळ. माय त्या दिवसांत मांसाला हात लावत नाही, आणि तिच्या चुलीवर दुसऱ्यालाही लावू देत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते मंगळवारपर्यंत. त्यानंतर पप्पांपुढं पेज, डाळ आणि डॉक्टरांची नळी.

रविवारी दुपारी पप्पा झोपलेले असताना धोंडूकाका बोकड घेऊन आला आणि खिडकीबाहेरच्या पेरूला बांधून मोकळा झाला. मी म्हटलं, उद्या सकाळी कापूया. तर म्हणे, "उद्या सोमवार. माझो शिवराक. सोमवारी मी सुरयेक हात लावणंय नाय." सोमवार त्याचा शाकाहाराचा. मंगळवारी सकाळी येतो म्हणाला आणि गेला. बोकड आमच्याकडे मुक्कामाला राहिला.

त्या मुक्कामाचं वर्णन काय करू? पडद्यांना वास, उशांना वास, माझ्या तपासायच्या पेपरांना वास. माय डोक्याला कोलन वॉटरची पट्टी बांधून बसली. समोरच्या घरानं खिडक्या लावून घेतल्या, त्यांच्या पलीकडच्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. सोमवारी चूल पेटलीच नाही. त्या वासात फोडणी द्यायची कुणाची हिंमत? सकाळी पाव-केळी, दुपारी पाव-केळी. पप्पांनी तेही अर्धं ठेवलं.

संध्याकाळी मी शाळेतून आले ती फाटकापासूनच नाक धरून. आत गेले. पप्पा खाटेवर पडले होते. त्यांचं डोकं खिडकीकडे, आणि खिडकीच्या गजांत बोकडाची दाढी. दोघांच्या मधे हातभर अंतर. बोकड शांतपणे रवंथ करत होता.

"जॉयस," पप्पा म्हणाले, "धोंडू बोकड कधी घेवन येतलो गो?"

मला वाटलं थट्टा करतायत. "काय म्हटलात?"

"बोकड. काल येतलो म्हटलेलंस मा? की ता पन बोलनाच?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. बोकड आल्याचं त्यांना कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं आणि म्हाताऱ्या बोकडानं एकदाही तोंड उघडलं नव्हतं, हे खरं. पण सांगायची गरजच काय होती? वाडीतल्या आंधळ्यालाही कळलं असतं. मिठा-आगळाची माझी परीक्षा आठवली. जीभ शाबूत होती. मी नाकाला काही विचारलंच नव्हतं.

दारात माय उभी होती. तिनंही ऐकलं होतं. कपाळाची पट्टी काढून तिनं ती मुठीत धरली, आत आली आणि खाटेच्या कडेला बसली.

"भूक लागली?" तिनं विचारलं.

"जराशी."

"सागोती शिजता. वास येता मा?"

पप्पांनी डोळे मिटले. फाटकात उभे राहून घ्यायचे तसा लांब श्वास घेतला, छाती भरून. "येता तर! बरो वास सुटलो. आज वाटप बेतान भाजलंस."

स्वयंपाकघरात चूल थंड होती. तिच्यावर साधं पाणीसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात त्या मेल्या बोकडानं पप्पांच्या कानात शिंक दिली. ते दचकून वळले, शिंगं बघितली, दाढी बघितली, मग आमच्याकडे बघितलं. चोरी पकडल्यावर पोरं बघतात तसं.

"कधीपासून?" मायनं विचारलं.

"तापापासून."

"सांगलात कित्याक नाय?"

"काय सांगू?" ते चिडूनच म्हणाले. "इतकी वर्सां फाटकात उभो रवान तुका सांगतंय, आज काय शिजलां. आता काय सांगू? तुझा जेवाण म्हंजे गरम पानी? वास नाय तर चव खंय? नुसता खारट, आंबट, तिखट. माती खाल्ल्यासारख्या." मग म्हणाले, "माका वाटला, वास मोठो आसलो तर येयत. म्हटला, डुकराचो तरी येयत. बोकडाचो तरी." त्यांनी बोकडाच्या दाढीकडे नाक नेलं, जवळजवळ टेकवलं. "नाय."

मला दया यायला हवी होती. मला राग आला. बांदा, फोंडाघाट, तळेरे, ऊन, धूळ, सशाच्या पिशवीतलं स्कूटरवर सांडलेलं पाणी, सगळं एकदम आठवलं. एका वाक्यात सांगता आलं असतं ते या माणसानं दोन महिने अहंकारापायी नाकाखाली दाबून ठेवलं होतं. मी तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि तिथं उभी राहून रडले. रागानंच रडले, पण रडले.

माय मागून आली. मी डोळे पुसत म्हटलं, "माय, मी धोंडूकाकाक सांगतंय, बोकड परत ने म्हणान. येणाच नाय वास, तर ह्या घाणीचो उपयोग काय?"

"बोकड रवांदे," ती म्हणाली.

"पन त्येंका येणा नाय!"

"त्येंका येणा नाय," माय म्हणाली. "माका येता मा."

आणि तिनं व्हिनेगरची बाटली उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. स्टूल घेऊन, गुडघे दुखत असताना.

मंगळवारी सकाळी धोंडूकाकानं आपलं काम केलं, वाटे घातले, स्वतःचा वाटा घेऊन तो गेला. मायनं मटण नुसतं एका पाण्यानं धुतलं. धुतलं म्हणण्यापेक्षा भिजवलं. मीठ, मिरची, थोडा कांदा. खोबरं भाजायला काढलं होतं ते परत डब्यात गेलं. मग ते मटण जे शिजायला लागलं, ते मी शत्रूच्या घरीही शिजू नये म्हणेन. मी सगळी दारं-खिडक्या सताड उघडल्या. माय मात्र भांड्याशी उभी राहिली. दोनदा मागीलदारी जाऊन ओकारी काढून आली, तोंड धुतलं आणि पुन्हा ढवळायला लागली. मी म्हटलं, मी ढवळते. तर म्हणाली, "तू नाक धरतलंस. माका नीट बघूक व्हया."

पप्पांना आम्ही धरून टेबलाशी आणलं. बऱ्याच दिवसांनी ते टेबलाशी बसले. मायनं त्यांचं ताट वाढलं, वडे ठेवले, आणि मग जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांचं व्हायच्या आधी स्वतःचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसली. एक तुकडा उचलून नाकाशी धरला. तिचं तोंड असं झालं की मला वाटलं, आता पुन्हा उठते. पण उठली नाही.

"सांग," पप्पा म्हणाले.

"घाण."

"घाण म्हंजे कसली? नीट सांग गो."

मायनं डोळे मिटले. "पावसात भिजल्या गोणपाटासारको. आधी तोच येता."

पप्पांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावायला लागले. "आनि?"

"मागसून जुन्या तुपासारको. आनि जरा धुराचो. पाचोळो जळता तसो."

त्यांनी घास गिळला. दुसरा घेतला. मी श्वास रोखून बसले होते, त्यातला निम्मा वासासाठी. दुसरा घासही गेला. मग तिसरा.

"आनि?"

तिच्या हातातला तुकडा निवत होता.

"तुमी रानातसून येतालास," ती शेवटी म्हणाली, "तेवा तुमच्या शर्टाक येतालो, तसो."

पप्पांचं चावणं थांबलं. "तो शर्ट तू घरात घेय नव्हतंस. दोरयेर टांगतालंस."

"टांगतालंय तर. घाण ती घाणच." तिनं तो तुकडा तोंडात टाकला, कसाबसा चावला आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. "रातभर मी जागी. रानात बंदुकेचो बार जाय, आनि माका कळा नाय कोण पडलो, डुकर काय तुमी. मगे पाटे फाटकातसून तो वास येय. तुमी पायरेर पाय ठेवच्या आधी येय. माका कळताला, माझो घो जितो इलो."

पप्पांनी हे कधी ऐकलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं. इतकी वर्षं फाटकाशी नाक लावून उभे राहणारे आपण एकटेच, असं त्यांना वाटत आलेलं असणार.

त्यांनी ताट तिच्यापुढं सरकवलं.

"आनकी घाल," ते म्हणाले. "आनि सांग."